अण्णांचा डबा

दिवाळीची साफसफाई काढली की घरोघरी एक डबा निघतो. त्यात काय आहे हे सर्वांना ठाऊक असते, त्याचा उपयोग काय हे कोणालाच सांगता येत नाही, आणि तो टाकून द्या असे म्हणण्याचा धीर कोणाला होत नाही. कोणाकडे त्यात कुलपे हरवलेल्या किल्ल्या असतात, कोणाकडे बंद पडलेली घड्याळे, तर कोणाकडे पूर्वजांच्या चष्म्यांच्या काड्या. आमच्या मुलुंडच्या घरातल्या डब्यात गळ आहेत. मासे धरायचे गळ. यंदा मोजले तेव्हा दोनशे तेरा भरले. आणि ज्यांनी ते बांधले त्या माझ्या वडिलांना तळ्यावर जाऊन आता तीन वर्षे होतील.

गळ म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे एक काठी, एक दोरा आणि झाडाखाली डुलकी घेणारा आळशी गृहस्थ उभा राहतो. हे चित्र काढणाऱ्याने कधी गळ बांधलेला नसावा. गळ टाकणे हे शेवटचे आणि सगळ्यांत सोपे काम. त्याआधीचे सारे काम घरी, दिव्याखाली, मांडी घालून करावे लागते. अण्णा मूळचे वेंगुर्ल्याकडचे. त्यांच्या गावी मासे गळाने धरण्याला ‘गरवणे’ म्हणतात आणि गळाला ‘गरी’. माझे आजोबा खाडीवर गरवीत. त्यांच्या वेळी दोरा सुताचा किंवा सणाचा असे. कुजू नये म्हणून तो झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबूस करीत. विलायतेत श्रीमंत शौकीन मंडळी रेशमाच्या किड्याच्या पोटातून ओढून काढलेली तात वापरीत. पुढे 1938 साली अमेरिकेत नायलॉन जाहीर झाला. त्याचा पहिला उपयोग दात घासण्याच्या ब्रशात झाला. परंतु थोड्याच वर्षांत जगातल्या साऱ्या गरवणाऱ्यांच्या हातात तो येऊन पडला. काचेसारखा पारदर्शक, पाण्यात न कुजणारा आणि स्वस्त. अण्णा 1964 साली, अठराव्या वर्षी मुंबईस आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत दोन सदरे, देवाचा एक फोटो आणि नायलॉनची एक गुंडी होती. यातली गुंडी तेवढी शिल्लक राहिली, असे आई म्हणत असे.

अण्णा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. आठवड्यातले सहा दिवस ते कारखान्याचे आणि सातवा पवईच्या तळ्याचा. पहाटे चारला उठून सायकलीवर निघायचे, भांडुप आणि कांजूर मागे टाकून गांधीनगरच्या नाक्यावरून वळायचे, आणि झुंजुमुंजू व्हायच्या आत काठावर बसायचे, असा त्यांचा नेम होता.

पवईचे तळे मोठे नशीबवान, आणि तितकेच अभागीही आहे. मुंबईला पाणी पाजण्यासाठी विहार 1860 साली झाला, तुळशी 1879 साली, आणि त्यांच्या मागून 1891 मध्ये पवई. पण हे धाकटे भावंड कामाला लागते न लागते तोच त्याचे पाणी पिण्याच्या लायकीचे नाही असे ठरले. माणसांनी ज्याला नाकारले त्याला माशांनी आपले म्हटले. काठावर पद्मावती देवीचे जुने देऊळ, 1958 पासून तंत्रविद्येची मोठी शाळा, आणि पाण्यात रोहू, कटला, मृगळ, मरळ, शिवाय उन्हे खात पडणाऱ्या मगरी, असा त्या तळ्याचा संसार. गरवणाऱ्यांची महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन तिथलीच. अण्णा तिचे सभासद नव्हते. सभासद होण्याइतके पैसे आमच्या घरात एका जागी कधी जमले नाहीत. परंतु सभासदांच्या पेटीतले निम्मे गळ अण्णांनी बांधलेले असत, आणि ते कसे, हीच खरी या लेखाची गोष्ट आहे.

प्रथम अण्णांच्या मालाची ओळख करून देतो. त्यांच्याकडे एका दोऱ्यावर दोन गळ असतात. त्याला ते ‘जोडी’ म्हणतात. वीतभर नायलॉन घ्यायचा. त्याच्या टोकाला एक गळ, त्याच्यावर दोन बोटे अंतर सोडून दुसरा, आणि दुसऱ्या टोकाला मुख्य दोरीत अडकवण्यासाठी फासा. एका गळावर आमिषाची गोळी बसते. दुसरा मोकळा लोंबतो. मासा गोळी चोखतो, थुंकतो, पुन्हा चोखतो. आणि या त्याच्या चोखंदळपणात मोकळा गळ त्याच्या ओठाला लागतो.

अण्णांना आवडणाऱ्या गळाला नेढे नसते. त्याचा देठ टोकाशी नुसता चपटा केलेला असतो. त्यामुळे दोरा ओवायचा प्रश्नच नाही. तो देठावर गुंडाळूनच बांधावा लागतो. दोऱ्याचा एक वळसा देठालगत धरायचा, त्याच्यावरून सात वेढे एकाशेजारी एक, विटांच्या थरासारखे बसवायचे, आणि टोक ओढून सारे एकदम आवळायचे. आवळण्यापूर्वी गाठ तोंडात धरून ओली करायची. हे न केल्यास ओढताना नायलॉन घासून तापतो. वरून काही दिसत नाही, पण आतून तो अधू होतो. शेवटी गळ दाराच्या कडीत अडकवून मनगटाला झटका द्यायचा. आमच्या खोलीच्या कडीला अशा हजारो झटक्यांची एक बारीक खाच पडली होती. गाठ सुटली तर अण्णा रागावत नसत. शांतपणे म्हणत, “मासो मोठो नसता रे, गाठ ढिली असता.”

गळांच्या नंबरांचा न्याय उलटा आहे. नंबर वाढला की गळ लहान होतो. सहापेक्षा चार मोठा, चारपेक्षा दोन मोठा, आणि एकाच्या पुढे शून्याची जोड लागली की मग आकडा आणि गळ दोन्ही एकदम वाढू लागतात. शाळेत मुलांना ऋण संख्या शिकवायची वेळ आली की मी हे उदाहरण देतो. मुलांना ऋण संख्या समजतात की नाही कोण जाणे. मधल्या सुट्टीत गळांविषयीच प्रश्न येतात.

जोड्या घरी बांधून ठेवण्याचे कारण काठावर एकदा बसलात की कळेल. अंधुक उजेड, कणकेने माखलेली बोटे, आणि तळाशी दगड व वेलींचा गुंता. एका सकाळी तीन-चार जोड्या सहज तुटतात. त्या वेळी नवी गाठ बांधत बसणारा माणूस माशांचा नाश्ता संपेपर्यंत बांधतच बसतो. म्हणून तयार जोड्या हव्यात. पण तयार जोड्या ठेवायच्या कशा? एका डबीत दहा टाकल्या तर सकाळी त्यांचा एकच सुगरणीचा खोपा झालेला असतो. या प्रश्नाने अण्णांनी पुष्कळ रविवार घालवले. कागदाच्या पुठ्ठ्यावर गुंडाळून पाहिले. पावसाळ्यात पुठ्ठा ओलावला आणि गळ गंजले. बांबूच्या कांबीवर गुंडाळले. दोऱ्याने कांबीचा आकार घेतला आणि पाण्यात पडल्यावर तो सुरळीसारखा वेटाळू लागला. अखेर उत्तर पायाखाली सापडले. झिजलेली रबरी चप्पल. तिचा तळवा कापून बोटभर रुंद पट्ट्या करायच्या, कडेला ब्लेडने बारीक चिरा द्यायच्या, गळाचे टोक रबरात रुतवायचे, दोरा सैल गुंडाळायचा आणि टोक चिरेत अडकवायचे. एका चपलेत चाळीस जोड्या मावतात. आमच्या चाळीत कोणाची चप्पल तुटली की ती दुरुस्त होण्याआधी अण्णा तिची विचारपूस करून येत.

पट्ट्या मग पत्र्याच्या डब्यात. मुंबईच्या पावसाळ्यात लोखंड जगवणे म्हणजे घरात पाहुणा राजी राखण्यासारखे आहे; रोज काहीतरी करावेच लागते. अण्णा गळांवर खोबरेल तेलाचे बोट फिरवीत. शिलाई मशीनचे तेल नको, त्याचा वास माशाला लागतो. दोरा उन्हात ठेवायचा नाही, कारण उन्हाने नायलॉन ठिसूळ होतो. या शास्त्रात माझी भर एकच आहे. शाळेत फळ्यावर लिहून उरलेले खडूचे तुकडे मी डब्यात टाकू लागलो. खडू हवेतला ओलावा पितो. वर्षाच्या शेवटी ते तुकडे पुन्हा उन्हात वाळवायचे. माझ्या शिक्षकी पेशाचा घराला झालेला हा सर्वमान्य उपयोग.

हे डबे मूळचे फराळाचे, हे सांगायला नकोच. एका दिवाळीत आईने शंकरपाळ्यांचा म्हणून डबा पाहुण्यांपुढे ठेवला आणि झाकण काढले. पाहुणे सभ्य होते. त्यांनी आत पाहिले आणि चहाच घेऊ म्हणाले. आई त्या दिवशी जे बोलली ते आमच्या चाळीत कितीतरी वर्षे म्हणीसारखे चालत होते. “ह्या घरात माणसांच्या फराळाक डबो नाय, आणि माशांच्या फराळाक पाच डबे!”

परंतु 1996 साली याच डब्यांनी घर चालवले. कारखान्याला टाळे लागले. देणी मिळतील असे सांगण्यात आले. सांगणारे बदलत गेले, देणी तिथेच राहिली. अण्णा पन्नाशीचे, मी पंधरा वर्षांचा. त्या वर्षी अण्णांनी सायकलीच्या हँडलला पिशवी लावली आणि आठवड्यातले सहाही दिवस ते तळ्यावर जाऊ लागले. मासे धरायला नव्हे, जोड्या विकायला. दोन रुपयांना एक. फिटरचा हात होता. प्रत्येक गाठ दुसरीसारखी. ज्यांच्याकडे परदेशी कांडी आणि चकचकीत चाक होते ती मंडळीही शेवटच्या वीतभर दोऱ्यासाठी अण्णांची वाट पाहत. रात्री आई वेढे धरी, मी पट्ट्या कापी आणि अण्णा आवळीत. माझ्या दहावीच्या परीक्षेची फी त्या पट्ट्यांतून निघाली. अण्णा त्या परीक्षेला अजून मॅट्रिकच म्हणतात. मी तिच्यापुढे शिकलो नाही. शिकवण्या घेतल्या, एका लहानशा खाजगी शाळेत कार्यानुभवाचा शिक्षक झालो, गणिताच्या तासांवर रिकाम्या जागी उभा राहिलो, आणि रात्री कादंबऱ्या लिहिल्या. कादंबरीत काय लिहावे हे मला पुस्तकांनी शिकवले असेल; पण कधी थांबून आवळावे, ते त्या दिव्याखाली शिकलो.

तीन वर्षांपूर्वी अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू पार पुढे गेल्याचे निदान झाले. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरली तेवढी औषधाने सांभाळायची. ती फार थोडी उरली होती. डॉक्टरांनी तळ्याचा काठ बंद केला. अण्णांनी मान हलवली, घरी आले आणि डबा मागितला. माझ्या पत्नीने मजकडे पाहिले. मी डबा दिला. त्या दिवसापासून रोज सकाळी दोन जोड्या, कधी तीन. वेढे ते नखाने मोजतात. पट्ट्यांना त्यांनी नव्या खुणा केल्या. एक चीर म्हणजे कटला, दोन म्हणजे रोहू, तीन म्हणजे मृगळ. यामागचा हिशेब मला त्यांनी सांगितल्यावर कळला. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. चिरा म्हणजे पाण्याचे मजले. बोट फिरवले की अण्णा त्या त्या मजल्यावर पोहोचतात.

प्रश्न पत्नीने विचारला, आणि तो विचारण्याजोगाच होता. “अण्णा हे कोणासाठी बांधतात?” मी काही बोललो नाही. डबा भरत चालला होता. भरलेला डबा पाहून मला धडकी भरत असे. कारण तो पुरा भरला की अण्णा पुढचा डबा मागतील, किंवा मागणार नाहीत. यांपैकी कशाची अधिक भीती वाटत होती, ते मला ठरवता येत नव्हते.

गेल्या डिसेंबरात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो अमेरिकेत मिनेसोटा प्रांतात नोकरीला असतो. तिकडे तळी इतकी की रविवारी माणसे देवळात कमी आणि होडीत अधिक. तिथे ‘वॉलाय’ नावाचा मासा आहे. 1965 पासून तो त्या राज्याचा मानाचा मासा. त्याच्या डोळ्यांत मांजराच्या डोळ्यांसारखा उजेड परतवणारा पडदा असतो, म्हणून संध्याकाळच्या अंधारात, गढूळ पाण्यातही त्याला भक्ष्य दिसते. विद्यार्थ्याने खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि अण्णांच्या तळहातावर काहीतरी ठेवले. “आजोबा, ओळखा बघू.”

अण्णांनी बोटे फिरवली. तीन-चार फूट दोरा. टोकाशी गळ, त्याच्यावर तीन-चार बोटांवर दुसरा गळ; दोघांवर एक लांबलचक गांडूळ ताणून बसवायचे. वर रंगीत मण्यांची ओळ, आणि मण्यांच्या वर एक पितळी पान, पाण्यात ओढले की गरगर फिरणारे. तिकडची माणसे हिवाळ्यात तळी गोठली की घरी बसून अशा माळा बांधतात. अण्णांचे बोट दुसऱ्या गळाच्या देठावर थांबले. त्यांनी नखाने मोजले. मग मजकडे तोंड करून म्हणाले, “सात वेढे. आमचीच गाठ.”

ती गाठ कोणाच्या मालकीची नाही, हे मी त्यांना सांगितले नाही. बिननेढ्याचा गळ जिथे जिथे होता तिथे तिथे माणसाने ती स्वतःच शोधून काढली असणार. त्यांनी विचारले, “हे ठेवतत कशात?” विद्यार्थी हसला. तिकडे पोहायला शिकणाऱ्या पोरांसाठी फोमचे लांब लठ्ठ दांडे मिळतात. ते वीत-वीत कापायचे, गळ त्यात रुतवायचे आणि दोरा भोवती गुंडाळायचा. अण्णांनी आपली पट्टी त्याच्या हातात दिली. सात समुद्रांपलीकडे कोणा माणसाने चपलेऐवजी दांडा कापला, एवढाच काय तो फरक.

मग पानाची चर्चा निघाली. मासा ते पान पाहतो, तसेच ते त्याला जाणवतेही. माशाच्या कुशीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ गेलेली असते, तिने तो पाण्यातली थरथर ओळखतो. गढूळ पाण्यात डोळ्यांनी साथ सोडली तरी ही रेघ काम करते. अण्णा हे फार लक्ष देऊन ऐकत होते. “म्हणजे अंगान बघता,” ते म्हणाले. मी खिडकीतून बाहेर पाहू लागलो.

रोहू-कटला काही फिरत्या पानामागे धावणारे नव्हेत. ती कणकेची, पावाची गिऱ्हाइके. पण मरळ धावते. ती शिकारी जात. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पावडरच्या डब्याचे झाकण मागितले. कात्रीने पान कापले, कानशीने कडा मारल्या, चमच्याच्या खळग्यात ठोकून त्याला पोट आणले. मणी माझ्या मुलीच्या तुटलेल्या माळेतले. चार दिवसांत चार माळा झाल्या. त्यांच्या पट्टीला चीर नाही. एक आडवी खाच. मरळीसाठी मजला नाही, ती कुठेही असते.

आता त्या माळा पाण्यात पडायला हव्या होत्या. गरवण्याचा धीर मजजवळ नाही, हे अण्णा जाणून आहेत. तेव्हा मी रविवारी तळ्यावर गेलो तो फक्त डबा घेऊन.

तळे मी पुष्कळ वर्षांनी नीट पाहिले. जलपर्णीने कडेचे पाणी हिरवे झाकून टाकले होते. सांडपाणी येते तिथे ती सर्वांत माजलेली. काठाने सायकलींचा रस्ता बांधायला काढला होता, तो मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला आणि भराव काढून टाकायला सांगितले. त्यामुळे तळ्याचा काठ तळ्याला राहिला. गळ टाकून बसलेली माणसे आहेत. पूर्वीइतकी नाहीत, पण आहेत. दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी डबा ओळखला, मला नाही. “फिटर कुठे आहेत?” असे त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांतल्या एकाने पट्टीवर बोट फिरवले आणि पैसे काढले. मी घेतले नाहीत. म्हटले, अण्णांना किंमत वेगळी हवी आहे. जोडी तुटली तर ती कुठे तुटली, ते सांगा.

तेव्हापासून महिन्यातून एक रविवार माझा तळ्यावर जातो. पट्ट्या वाटायच्या आणि जबान्या गोळा करायच्या. परत आलो की अण्णा दारातच विचारतात, “दोऱ्यात तुटली की गाठीत?” दोऱ्यात तुटली म्हटले की त्यांचे समाधान होते. मासा मिळाला की नाही, हे ते नंतर विचारतात, कधी विसरूनही जातात. डबा दोनशे तेरांवर आला आहे तो या वाटपानंतरचा. पत्नीला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आणि तिने पुढच्या डब्यासाठी चिवड्याचा एक मोकळा करून ठेवला आहे.

हात मात्र आता कापू लागले आहेत. वेढे बसतात, पण आवळताना सरकतात. म्हणून श्रावणापासून नवी व्यवस्था झाली आहे. अण्णा मोजतात, मी आवळतो, आणि झटका पुन्हा अण्णा देतात. पहिल्या आठवड्यात माझ्या दहांतल्या सहा गाठी कडीवर सुटल्या. हल्ली एखाददुसरी सुटते. मुलगी शेजारी बसून पट्ट्या कापते.

मागच्या महिन्यात काठावरच्या एकाने मला कागदात गुंडाळून एक जोडी परत दिली. मोठा मासा होता, म्हणाला. बराच वेळ झुंजला आणि गेला. मी ती अण्णांच्या हातात ठेवली. दोरा शाबूत होता, गाठ शाबूत होती, आणि गळ सुईसारखा सरळ झाला होता. अण्णांनी त्याच्यावरून दोनदा बोट फिरवले. मग हसले. मी त्यांना इतके हसताना कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

“गरी बनवणाऱ्याक जाऊन सांग,” ते म्हणाले, “गाठ मारणाऱ्यान आपला काम केल्यान.”

ती गाठ माझी होती. अण्णांना ते ठाऊक होते. वेढे त्यांनीच मोजले होते.